पूररेषेवरचा रंग

सांगलीच्या खालच्या अंगाच्या त्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं, की आदल्या दिवशी दिलावर पेंटरला बोलावणं जायचं. काम एकच. भिंतीवरची पुराची मळकट रेघ रंग मारून झाकायची. पाणी शिरणाऱ्या घराशी सोयरीक कोण करणार हो? म्हणून सगळी गल्ली वर्षानुवर्षं कोरडी असल्याचं सोंग करत आली.

त्या बुधवारी दिलावर स्वतःच्याच घरात ब्रश घेऊन उभा होता. त्याच्या समीनाला बघायला दुपारी शिरवळचे लोक येणार होते. तेवढ्यात दारात क्रांती आली. इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणारी मुलगी, हातात टेप.

"काका, पाणी कुठवर चढतं ते मोजायचंय. नाला आधी कुठं बांधायचा, निधी कुठं द्यायचा, ते यावरूनच ठरणार."

"आमच्यात पानी येत न्हाई, ताई," दिलावर मागं न बघता म्हणाला.

गल्लीतलं हे बाविसावं घर, आणि बाविसावं 'न्हाई'. वाद घालायचं त्राण क्रांतीत उरलं नव्हतं. ती वळली.

"थांबा," आतून समीना म्हणाली.

दोन हजार एकोणीसच्या महापुरानंतरही असाच सर्व्हे झाला होता. तेव्हाही गल्ली 'न्हाई' म्हणाली, नकाशावर कोरी राहिली आणि नाला दुसरीकडं गेला. एकवीसला पुन्हा पाणी चढलं. होड्या आधी नकाशावर खूण असलेल्या वस्त्यांकडं गेल्या. समीनाची अम्मी परवीन माळ्यावर पडून होती. तिला डायलिसिसला मिरजेला न्यायचं होतं. होडी आली तिसऱ्या दिवशी. तोवर परवीन गेली होती.

समीनानं बापाची पत्र्याची पट्टी उचलली आणि ओला रंग खरवडायला लागली.

"अगं, पावनं येत्यात. आदी तुजं जमू दे. मग काय लिवायचं ते लिवा."

"माजं जमंल, मग अजीमचाचाच्या पोरीचं, मग आनी कुनाचं. खरं कवा सांगायचं, अब्बा? अम्मी गेली तरी आपन रंगच मारतोय. मी दमले आता."

रंगाखालून रेघ निघाली. क्रांतीनं टेप लावला. पाच फूट सात इंच. परवीन जेमतेम पाच फुटांची होती. दिलावरनं ब्रश खाली ठेवला.

पाहुणे आले, चहा प्याले. रेघ कसली म्हणून त्यांनी विचारलं, समीनानं सरळ सांगितलं. 'कळवतो' म्हणून ते उठले.

उरलेल्या घरांतही 'न्हाई' ऐकून क्रांती गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. दिलावरनं तिला हाक मारून थांबवलं आणि शेजारच्या अजीमचं दार वाजवलं.

"रंगवायला आलास व्हय? आमचं पावनं ऐतवारी हायत," अजीम म्हणाला.

"न्हाई. खरवडायला आलोय. कुनाची रेघ कुटं हाय, मला सगळं म्हाईत हाय. मीच झाकल्यात सगळ्या. तू व्हय म्हनलास तर हात लावतो."

अजीम दारातून बाजूला झाला.

शिरवळचा निरोप अजून आलेला नाही. वाचकहो, तुमच्या घरी लग्नाचा मुलगा असेल, तर ती भिंत बघून तुम्ही काय कळवलं असतं, तेवढं मनाशी खरं सांगा.