पाहुणा आलाय का तुमच्याकडे?

आखाडा बाळापूरचा वार्ताहर म्हणून माझी उभी हयात गेली. बातमी कशी लिहावी हे मला कुणी शिकवायला येऊ नये, असा माझा साधा नियम. त्यामुळे शेजारच्या मुंजाजीची लेक सपना नांदेडहून पत्रकारिता शिकून आली आणि फोनवर बातम्यांचं पान चालवू लागली, तेव्हा मी तिला मनातल्या मनात ‘अंगठेबहाद्दर’ असं नाव ठेवून मोकळा झालो. अंगठ्यानं लिहिलेल्या बातमीला कसलं आलंय वजन, असं माझं मत होतं.

मुंजाजी म्हणजे एकेकाळची गाजलेली गायन पार्टी. जयंतीच्या दिवसांत त्याला न्यायला गावोगावच्या जीपा दारात उभ्या असायच्या. आता आवाज तसाच होता, पण डोकं साथ देईना. बायको रुक्माबाई समोर भाकरी थापत बसलेली असायची आणि हा तिलाच विचारायचा, “रुक्मा कुठं गेली?” मधूनच कार्यक्रमाला जायचंय म्हणून चपला शोधायचा.

ऐन सोयाबीन काढणीत एका सकाळी तो घरातून निघाला तो परतलाच नाही. शुगरच्या गोळ्या फळीवर तशाच राहिल्या. चहूकडे तूर माणसाच्या उंचीची झालेली आणि शेताशेतांत बिनकठड्याच्या विहिरी. त्या विहिरींचं नाव कुणी काढत नव्हतं, पण सगळ्यांचे पाय तिकडेच वळत होते.

मी माझं काम चोख केलं. ‘येथील रहिवासी मुंजाजी हे राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेले आहेत. रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात पांढरा सदरा.’ दैनिकाच्या आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली ते छापून आलं. सावळ्या रंगाची, मध्यम बांध्याची, पांढऱ्या सदऱ्यातली माणसं आपल्या जिल्ह्यात किती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिकडे मुंजाजीच्या थोरल्यानं, प्रेमानंदनं, फ्लेक्सच्या दुकानात जाऊन फोनवर पाठवायचा फलक करून घेतला. दुकानदारानं घाईत हाताशी होता तोच नमुना उघडला. भोवती फुलांची महिरप, मध्ये मुंजाजीचा कोट घातलेला, काळ्याभोर केसांचा जुना फोटो, आणि खाली बारीक अक्षरांत ‘हरवले आहेत’.

फलक गावच्या फोनवरच्या ग्रुपवर पडला आणि जे व्हायचं तेच झालं. महिरपीत म्हातारा माणूस दिसला की आपल्याकडे मजकूर वाचायची पद्धत नाही. ग्रुपचे प्रमुख उकंडराव यांनी सगळ्यांत आधी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहिली. मग काय, रांगच लागली. कुणी हात जोडले, कुणी ‘समाजाची मोठी हानी’ म्हणून टाकलं. दुपारपर्यंत तो फलक श्रद्धांजल्यांसकट तालुकाभर फिरला आणि संध्याकाळी कळमनुरीच्या पाहुण्या बायका पांढरी लुगडी नेसून, जीप करून दारात उतरल्या. त्यांनी अंगणातच गळा काढला. रुक्माबाईला वाटलं, विहिरीवरून काही बातमी आली. ती बसल्या जागी कोसळली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन काढून उकंडरावांची खरडपट्टी लिहायला बसलो. सपना आईला पाणी पाजून माझ्याकडे आली आणि माझा फोन हळूच खाली ठेवला.

“काका, त्यांच्यावर काहून रागावून राहिले? श्रद्धांजलीच्या चौकटीत आपणच बाबाला बसवलं. लोकांनी चौकट वाचली.”

“अन् मजकूर?”

“मजकूर वाचायला आपण त्यांना थांबवलंच न्हाई.”

एवढं बोलून ती माझ्याच टेबलाशी बसली. डोळे रडून सुजले होते. मला वाटलं, आता ही एक सुंदर मजकूर लिहील आणि सगळीकडे पाठवील. तसं तिनं केलं नाही. ती प्रत्येक वेळी लिहिण्याआधी विचारायची, “हे कोण वाचणार? वाचताना ते काय करत असतील?” आणि मग नवं लिहायची.

कंडक्टर आणि जीपवाल्यांसाठी तिनं दोनच ओळी लिहिल्या. त्यांचा एक हात कामात असतो म्हणाली. ‘एक म्हातारे तिकीट काढताना गावाचं नाव सांगत नाहीत, कार्यक्रमाला जायचंय म्हणतात. त्यांना उतरवू नका, फोन करा.’ रंग नाही, बांधा नाही. माझ्या दैनिकासाठी तिनं सगळंच उलटं केलं. “तुमचं वर्तमानपत्र म्हातारी माणसं निवांत वाचतात, काका. त्यांना मुंजाजी कोण हे ठाऊक नसल, पण गायन पार्टी ठाऊक हाये.” तिनं लिहिलं, ‘ज्यांच्या पेटीवर तुम्ही रात्ररात्र जागलात, ते गायक आज रस्ता विसरले आहेत.’ त्या वाक्यातला एक शब्दही बदलण्याची माझी हिंमत झाली नाही. मी ते तसंच संपादकांना पाठवलं आणि पहिल्या पानाचा हट्ट धरला. उभ्या आयुष्यात मी असला हट्ट कधी धरला नव्हता.

फोनसाठी तिनं फोटो ठेवलाच नाही. बाबांचं गाणं ठेवलं, मागच्याच जयंतीला अंगणात गायलेलं. “आवाजाला कुणी श्रद्धांजली वाहत न्हाई,” ती म्हणाली. आणि खरंच, त्या दिवशी ग्रुपवर कुणी हात जोडले नाहीत. लोक ऐकत राहिले आणि विचारत राहिले.

त्यातून एवढं कळलं की एका कंडक्टरनं मुंजाजीला सेनगावला उतरताना पाहिलं होतं. पुढचा पत्ता नव्हता. त्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे बरेच. आमच्या स्टँडावर जीप लावणारा भावसिंग तिकडचाच. सपनानं त्याला बोलावलं. “मी सांगते ते तुझ्या बोलीत बोल, भाऊ. आपण फोनात भरू.”

भावसिंग म्हणाला, “म्हातारा हरवला, एवढंच ना?”

सपनानं मान हलवली.  मग जे म्हणाली ते ऐकून मी पेन खाली ठेवलं.

“हरवला म्हणू नको. ते आपल्यासाठी हरवलेत. ज्यांच्या घरी असतील त्यांच्यासाठी ते आलेत. असं विचार, पाहुणा आलाय का तुमच्याकडे? नाव सांगत नसल, पण गाणं म्हणत असल.”

इतकी वर्षं मी हरवलेल्यांच्या बातम्या लिहिल्या. त्या सगळ्या शोधणाऱ्याच्या बाजूनं लिहिल्या. ज्याच्या ओट्यावर तो माणूस बसलाय त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, हे मला कधी सुचलं नाही, माझ्या संपादकांना नाही आणि त्यांच्या संपादकांनाही नाही. पोरगी माझ्यापेक्षा मोठी लेखक आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याचा मला भलताच आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सेनगावच्या पलीकडच्या तांड्यावर पेमाबाई नावाच्या म्हातारीची सून कापूस निवडत होती. बचत गटाच्या ग्रुपवर भावसिंगचा आवाज वाजला. पेमाबाईला वाचता येत नाही, पण कान शाबूत. ती सुनेला म्हणाली, “अगं, हा तर आपल्या ओट्यावर बसलाय.”

भावसिंगच्याच जीपमधून आम्ही निघालो. सपना, प्रेमानंद आणि मी. गोळ्यांची पिशवी सपनानं छातीशी धरली होती. 

मुंजाजी ओट्यावर मांडी घालून बसला होता. अंगावर कुणाचा तरी धुतलेला सदरा, पुढ्यात भाकरी. पेमाबाई कमरेवर हात देऊन म्हणाली, “मला न्यायला जीप येनार हाय, असं म्हनत व्हता. मंग आमी जीपची वाट बघून राहिलो. पाहुण्याला हाकलावं का?”

तिची सून माझ्या कानाशी लागली. “फोनात एक फोटू आलता. पन त्यो मानूस तर वारलेला व्हता. हे तर जितं हाय.”

मी कपाळावर हात मारला. फुलांच्या महिरपीनं आमचे दोन दिवस खाल्ले होते.

सपना वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. तो हसला, ओळखीचं नव्हे, पाहुण्यासारखं. “बाई, तुमी कोनाच्या?”

प्रेमानंद पुढे झाला. “बाबा, आवो ही आपली सप...” सपनानं त्याचा हात धरून त्याला मागे घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटून गेलं ते मी पाहिलं आणि नजर वळवली. क्षणभरच. मग ती पदर सावरून, कार्यक्रम ठरवायला आलेली बाई बोलते तशी बोलली.

“गायक मुंजाजी तुमीच ना? आमी बाळापूरहून आलो. तुमच्या कार्यक्रमाची जीप घेऊन.”

त्याचा चेहरा उजळला. “उशीर केला तुमी! मी केव्हाचा बसून राहिलो. पेटी घेतली का?”

“पेटी घरी... कार्यक्रमाच्या जागी ठेवलीय. सूर लावून.”

“बराबर.” त्यानं पेमाबाईला हात जोडले, चपला पायात सरकवल्या, टोपी नीट केली. जीपपाशी येऊन मात्र तो थबकला. 

“एक अडचन हाये, बाई. माझ्या लेकीला बी घ्यावं लागल. ती पुढं बसल्याबिगर मला गाता येत न्हाई.”

सपनानं गोळ्यांची पिशवी काखेत मारली. 

“तिला पुढंच बसवलंय,” ती म्हणाली, आणि जीपचं पुढचं दार उघडून बसली.

मुंजाजी तिच्या शेजारी बसला. भावसिंगनं जीप चालू केली, आणि तांडा मागे पडायच्या आत म्हाताऱ्यानं पहिली ओळ उचलली.