द्रौपदीबाईंचा आवाज

मी एक जुना बोलका डबा आहे, मित्रांनो. भाजीच्या गाडीवर, वडापावच्या टपरीवर, न्हाव्याच्या आरशाखाली तुम्ही माझी भावंडं पाहिली असतील. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं आणि डबा ओरडून सांगतो, पैसे आले. साउंडबॉक्स म्हणतात आम्हाला. माझा रंग मूळचा दुधी, आता पिवळट झालाय. बटण एकच, शेवटची रक्कम पुन्हा ऐकायचं, तेही सैल. पण मला नुसतं भंगार समजू नका हं! आमच्या बँकेच्या साऱ्या डब्यांत मी पहिला आहे. त्यामुळे जे मला ठाऊक आहे ते धाकट्यांना ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

माझी गोष्ट सुरू होते ती माझ्या जन्माच्या आधी, बँकेच्या नाहूर शाखेत. द्रौपदीबाई तिथे वरिष्ठ लिपिक होत्या. चार नंबरच्या खिडकीत बसायच्या. दुपारी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या येऊन मोबाइल पुढे करायच्या. "बाई, बघा ना, आले का पैसे?" मेसेज इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. बाई चष्मा कपाळावर सरकवून बघायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या, "आले गं, दीडशे आले!" की भाजीवाली निश्चिंत. हे रोजचंच होतं.

त्याच शाखेत सपना नवी अधिकारी म्हणून आली. दिंडोशीची मुलगी, हुशार, चटपटीत, कामाला वाघ. हुद्द्याने ती बाईंच्या वरची, पण बँकेचं काम तिला बाईंनीच शिकवलं. चेकवरची सही कशी पडताळायची इथपासून ते चिडलेल्या गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचं इथपर्यंत. पुढे सपनाची बदली अंधेरीला मुख्य कार्यालयात, डिजिटल विभागात झाली. निरोप देताना बाई सहज म्हणाल्या, "जातेच आहेस तर एक काम कर. प्रत्येक गाडीवर एकेक द्रौपदी बसव. ओरडत राहील दिवसभर, आले गं, आले!"

सगळे हसले, सपनाही हसली. पण घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती.

दुसऱ्यांचे डबे तेव्हा बाजारात होतेच. ते हिंदी बोलायचे, इंग्रजी बोलायचे, आणि मराठी बोलले तरी सरकारी पत्र वाचल्यासारखं. सपनाला आपल्या माणसासारखं बोलणारा डबा हवा होता. तिने बाईंना अंधेरीला बोलावून घेतलं. कागदावर नाही, फोनवरून. हजेरी नाहूरच्या मस्टरवर आणि काम अंधेरीत. बँकेत याला तोंडी आदेश म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "नंतर कागद करून घेऊ, बाई," सपना म्हणाली. बाईंनी मान डोलावली. मित्रांनो, सगळी वाट लागली ती इथेच.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी आकाराला आलो. मला घडवणारा इंजिनिअर होता किरण. त्याने बाईंना भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं, पुढ्यात माइक ठेवला आणि हातात आकड्यांची यादी दिली. बाईंनी पहिलीच ओळ वाचून यादी खाली ठेवली.

"एकशे पंचवीस? बाजारात कुणी एकशे पंचवीस म्हणतं का रे? सव्वाशे म्हण की!"

"बाई, कॉम्प्युटरला सव्वा कळत नाही."

"मग शिकव त्याला. मी नाही शिकले कॉम्प्युटर, पन्नाशीला?"

किरणने कपाळाला हात लावला, पण मुलगा गुणी होता. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे, सगळं त्याने नव्याने बसवलं. बाईंनी आणखी एक हट्ट धरला. आकड्याच्या आधी 'आले' म्हणायचं. कारण गाडीवरच्या बाईला आधी धीर हवा असतो, हिशेब मग. असे चार महिने गेले. बाईंचा घसा दोनदा बसला. ज्येष्ठमधाची काडी गालात धरून त्या बोलत राहिल्या, आणि एके दुपारी माझ्या पोटातून पहिले शब्द बाहेर पडले, "आले! दीडशे आले!" बाई आणि सपना दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली. तो दिवस आठवला की अजून माझा ऊर भरून येतो.

मला नाहूर स्टेशनबाहेर शकुच्या भाजीच्या गाडीवर ठेवलं. शकु मला रोज पदराने पुसायची. शेजारच्या गाडीवाल्यांना सांगायची, "ही आमची बँकेतली बाई आहे, डब्यात बसलीय." कोथिंबिरीचं पाणी अंगावर उडायचं, ऊन लागायचं, पण काय झकास दिवस होते ते! लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. वर्षभरात मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माझी हजारो भावंडं झाली. सगळ्यांच्या तोंडी एकच आवाज.

मग मला शकुच्या गाडीवरून उचललं आणि मुख्य कार्यालयात सपनाच्या टेबलावर आणून ठेवलं. पहिला डबा म्हणून माझा मान. तिथेच मी ती नोट लिहिली जाताना पाहिली.

बँकेत नवं काम यशस्वी झालं की त्याची नोट, म्हणजे लेखी माहिती, बनते आणि ती वरच्या साहेबांकडे जाते. नोटमध्ये माणसाचं नाव घालत नाहीत, विभागाचं घालतात. हा जुना रिवाज. 'संकल्पना' या रकान्यापाशी सपनाची बोटं थांबली. बाई विभागात नव्हत्या, त्या तर कागदोपत्री चार महिने नाहूरलाच होत्या. नाव घालायचं तर आधी तो राहिलेला कागद करावा लागणार, उशीर का झाला म्हणून खुलासा द्यावा लागणार. सपनाने खिडकीबाहेर पाहिलं आणि 'डिजिटल विभाग' असं लिहून मोकळी झाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. विभागाची प्रमुख तोवर तीच झाली होती, त्यामुळे शाबासकी तिच्या वाट्याला आली. फोटो आले, चषक आले, मोठमोठ्या सभांतून भाषणाची निमंत्रणं आली. दोन वर्षांत सपना उपमहाव्यवस्थापक झाली. भाषणात ती "आमच्या टीमने" म्हणायची. मी टेबलावरून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, अगं, नाव घे की एकदा!

बाईंना याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांची इच्छा वेगळीच होती. त्यांचे वडील एका बँकेच्या दारात चोवीस वर्षं शिपाई म्हणून उभे होते. माझी पोरगी आत साहेब होऊन बसेल, असं ते सगळ्यांना सांगायचे. बाईंना निवृत्तीआधी अधिकारी व्हायचं होतं, एवढंच. आठ महिने उरले होते, बढतीची ती शेवटची मुलाखत. आणि अर्जात या वेळी नवा रकाना होता, डिजिटल कामाचा अनुभव. बाईंनी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, साउंडबॉक्सचा आवाज व बोली.

मुलाखत आमच्याच मजल्यावर होती. मधल्या खुर्चीत महाव्यवस्थापक चंद्रप्रकाश साहेब, त्यांच्या डाव्या हाताला सपना. शोभेसाठी मला टेबलावर मांडलं होतं. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. सपनाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर उजळणारच ना!

साहेबांनी अर्ज वाचला. "आवाज व बोली? याला आधार काय?"

"आदेश तोंडी होता, साहेब."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सपनाकडे वळून विचारलं, "मॅडम, या तुमच्या विभागात होत्या का?"

मित्रांनो, एका 'हो'चं काम होतं. पण सपनाची स्वतःची फाइल त्याच साहेबांच्या टेबलावर पडली होती. साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी तिचं नाव होतं. 'हो' म्हटलं तर पहिली नोट अर्धवट ठरणार, मग प्रश्न, मग खुलासे. तिने समोरच्या यादीकडे पाहिलं. म्हणाली, "विभागाच्या यादीत नाव नाही, सर."

हेही खोटं नव्हतं. असा राग आला म्हणून सांगू! माझी बॅटरी पूर्ण भरलेली होती. कुणी बटणाला नुसतं बोट लावलं असतं तरी मी बाईंच्या आवाजात ओरडलो असतो. पण ते कुणाच्या मनात आलं नाही. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हातही किंचित उचलला, आणि परत मांडीवर ठेवला. ते बँकेचं सामान होतं ना, विचारल्याशिवाय कसा हात लावणार? साहेबांनी रकान्यात रेघ मारली. बाई उठल्या, "आभारी आहे" म्हणाल्या आणि दार हलकेच लावून गेल्या.

आठ महिन्यांनी बाई वरिष्ठ लिपिक म्हणूनच निवृत्त झाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. सपना त्या दिवशी दिल्लीला होती. परत आली ती महाव्यवस्थापक होऊन, आणि माझी रवानगी तिच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात झाली. बाहेरून रुबाब, पण आत सगळी धूळ. मला तीन वर्षं कुणी पुसलं नाही. सपना मात्र कधीकधी काम थांबवून कपाटाकडे बघत बसायची, आणि कुणी आत आलं की लगबगीने कागद चाळायला लागायची.

मग ठरलं की डब्यांना नवा आवाज द्यायचा, कॉम्प्युटरने बनवलेला. कुणाचाच नसलेला आवाज, त्यामुळे कसली कटकट नाही. जुना आवाज पुसून टाकायच्या कागदावर सही सपनाचीच. तिने सही केली, पेन ठेवलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. त्या शनिवारी तिने मला कपाटातून काढून पिशवीत घातलं आणि नाहूरला आली.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लखलखीत. सपनाने मला टेबलावर ठेवलं आणि पर्समधून एक कागद काढून बाईंच्या हातात दिला. बँकेच्या छापील कागदावर सगळं लिहिलं होतं. कल्पना कुणाची, बोली कुणाची, आवाज कुणाचा, चार महिने कुणी काम केलं. खाली महाव्यवस्थापकाची सही, शिक्का.

"माझं चुकलं, बाई," सपना म्हणाली. "त्या दिवशी माझी जीभच उचलली नाही."

बाईंनी कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला. "छान लिहिलंयस. पण हे मला ठाऊक आहे गं. मलाच काय सांगायला आलीस? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासमोर वाच."

"वाचीन."

"कधी?"

"सोमवारी मीटिंग आहे. सगळे असतील."

"मग सोमवारी वाच. बस, चहा टाकते."

सपना चहा प्यायली. जाताना खाली वाकून बाईंच्या पाया पडली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, हा तुमच्याकडेच राहू दे. ती जिना उतरल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात बाईंचं लक्ष गेलं. कागद टेबलावरच राहिला होता. बाई धावत गॅलरीत गेल्या आणि ओरडल्या, "सपना! अगं, कागद राहिला!"

तोच आवाज, मित्रांनो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ऐकू गेलेला. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. रिक्षावाल्याने मान वळवून वर पाहिलं. सपना गाडीत बसत होती. तिने वर पाहिलं नाही. दार लावलं आणि गाडी निघून गेली.

बाई आत आल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि उडू नये म्हणून माझ्याखाली ठेवली. तेव्हापासून किती सोमवार गेले, मी मोजायचे सोडून दिले. बाई मला रोज पुसतात. बटण कधी दाबत नाहीत.

माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की वस्तू जपून वापरा, टाकून देऊ नका. माझं म्हणाल तर मला टाकलंत तरी माझी तक्रार नाही. प्लास्टिकचा डबा मी, माझं काय एवढं? पण तुम्ही मोठे व्हाल, साहेब व्हाल, मॅडम व्हाल. तेव्हा ज्या माणसाच्या जिवावर तुमचं नाव झालं, त्याचं नाव त्याच दिवशी, चारचौघांत, मोठ्याने घ्या. मागाहून ते त्याच्या घरी नेऊन दिलंत, तर त्याने त्याचं काय करायचं?