उपास कोणी मोडला

"वासावर जाऊ नकोस, स्तोयना. वास कोणीही घालतं. मेण पाण्यात उकळ, गार होऊ दे, मग काय ते बोल."

वडील जाऊन अठरा वर्षं झाली होती, तरी मेण विकत घेताना त्यांचा आवाज स्तोयनाच्या कानाशी यायचा. लिपोवो गावच्या चर्चमधल्या सगळ्या मेणबत्त्या तीच वळायची. रोज सकाळी संत पेटकाच्या चित्रापुढच्या दिव्यात तेल घातल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही, आणि ईस्टरआधीचा, मांस-दूध-चीज वर्ज्य असलेला मोठा उपास तर तिने कळत्या वयापासून कधी चुकवला नव्हता.

त्या वर्षी उपासाच्या पहिल्याच आठवड्यात मात्र वडिलांचा आवाज तिला ऐकू आला नाही. झऱ्यापाशी गर्दीच इतकी होती.

गावाबाहेरच्या संत पेटकाच्या झऱ्यावर बंधू अगापी नावाचा एक साधू येऊन राहिला होता. काळा झगा, कमरेला दोरी, छातीपर्यंत दाढी. कोणत्या मठातून आला हे कोणी विचारलं नाही. झऱ्याशेजारच्या दगडी खोलीला त्याने कुलूप लावलं होतं, आणि दारापुढच्या बाकावर छोट्या बरण्यांची रांग मांडली होती.

"मी कोण?" तो म्हणायचा. "मी नुसता चमचा. वाढणारी आई पेटका आहे. ह्या बरणीत अर्धं मेण आहे, तेही आईच्या चित्रापुढे जळलेल्या मेणबत्त्यांचं. बाकी ऑलिव्हचं तेल आणि झऱ्याकाठची तुळस. दुधाचा थेंब नाही, चरबीचा कण नाही. हे उपासाचं मलम आहे, लेकरांनो. जो उपास पाळेल त्यालाच ते लागू पडेल. जो मोडेल, त्याच्या कातडीवर आई स्वतः लिहून दाखवेल."

"माझ्या कातडीवर लिहायला तिला जागा कुठे उरली आहे?" म्हातारा ग्रोझ्दान मागून म्हणाला. त्याने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला होता आणि चर्चमध्ये तो फक्त लग्नाला नाहीतर मयताला यायचा. "सुरकुत्यांनी सगळी पाटी भरली."

लोक हसले. अगापीही हसला आणि त्याने स्तोयनाला पुढे बोलावलं.

सहा वर्षांपासून तिच्या हातांना इसब होतं. गरम मेण, साबण, थंडी. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, मेणाच्या वातीला रक्ताचा डाग लागायचा आणि ती वात बाजूला काढावी लागायची. सोमवारी तिने अगापीचं मलम लावलं. गुरुवारी हात बरे झाले होते. लाली गेली, खाज गेली, चिरा बुजल्या.

ती पुन्हा झऱ्यावर आली तेव्हा अगापीने तिचे दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरले. "ही बाई खोटं बोलते का?"

"स्तोयना?" गर्दीतली एक बाई म्हणाली. "ती तर चुकून जास्त आलेली सुटी नाणीसुद्धा परत करायला येते."

"मग बोल, मुली."

स्तोयनाचा आवाज मुळातच बारीक. "खरं आहे," ती म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा हात बरे झाले."

तेवढं पुरलं. त्या दुपारी बाकावर एकही बरणी उरली नाही. कोणाच्या घोट्यावरचं खरूज, कोणाच्या मानेवरचा चट्टा, कोणाच्या बाळाच्या जांघेतली लाली, सगळ्यांवर तेच एक मलम निघालं.

दुसऱ्या आठवड्यात स्तोयनाची धाकटी बहीण रुम्याना आपल्या मुलीला घेऊन आली. दाफिना नऊ वर्षांची. तिच्या उजव्या गालावर नाण्याएवढा गोल चट्टा उठला होता, कडेने लाल, मधे फिकट.

"ताई, तुझे हात बरे झाले ना? मग हिलाही लावू?"

"लाव," स्तोयना म्हणाली. पुढे तिला तो शब्द कित्येकदा आठवला.

मुलीला तालुक्याच्या डॉक्टरकडे न नेता झऱ्यावर आणलं त्याला आणखी एक कारण होतं. उपासाच्या शेवटी लाझारचा शनिवार येतो. त्या दिवशी गावातल्या मुली कशिदा काढलेले झगे घालून, डोक्यात फुलं माळून घरोघर गाणी म्हणत फिरतात. दाफिनाचं ते पहिलंच वर्ष होतं. झगा स्तोयनानेच शिवला होता. गाल तोवर स्वच्छ व्हायला हवा होता.

आठवड्यात लाली ओसरली. रुम्यानाने झऱ्यावर मेणबत्ती लावली. मग चट्ट्याची कड हळूहळू पसरू लागली. गालावरून कानापाशी, तिथून मानेवर. आता तो धड गोलही दिसेना. मलम लावलं की फिकट, दोन दिवस लावायचं राहिलं की पुन्हा लाल, आणि वर बारीक पुटकुळ्या. चौथ्या आठवड्यात अगापीने मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग सुस्कारा टाकला.

"काय खाल्लंस, लेकरा?"

"काही नाही."

"चीज? दुधाचा घोट?"

"नाही खाल्लं."

"आई पेटकाने तुझ्या गालावर लिहिलंय, आणि तू नाही म्हणतेस?"

गावात बातमी पोचायला दुपारही व्हावी लागली नाही. लाझारच्या मुलींना गाणी शिकवणाऱ्या बाईने रुम्यानाला दारातच सांगितलं, "उपास मोडलेल्या आणि वर खोटं बोलणाऱ्या पोरीला मी रांगेत घेणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

रुम्याना मुलीचा हात धरून थेट बहिणीकडे आली. "ताई, तूच विचार हिला. माझ्याशी तर खरं बोलत नाही ही."

स्तोयनाने विचारलं. हळूच, मायेने, पण विचारलं ते गुन्हेगाराला विचारावं तसंच. दाफिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मावशी, मी नाही खाल्लं. मिलोश्का गाईचं दूध काढतात तेव्हा मी बाहेर जाते. फक्त तिच्या वासराला कुरवाळते. त्यानेही उपास मोडतो का?"

स्तोयनाला हसू आलं. ती मुलीजवळ खाली बसली.

"हे बघ. तुझं खरं निघालं, तर ज्या ज्या घरात तुला खोटी म्हणाले, त्या प्रत्येक दारात मी स्वतः जाऊन सांगेन. एकही घर सोडणार नाही."

"सगळीच घरं म्हणाली," दाफिना म्हणाली.

त्याच आठवड्यात स्तोयनाची बरणी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिव्यात तेल घालताना तिच्या बोटांतून कळ गेली. हात पूर्वीपेक्षा जास्त लाल झाले होते, सुजले होते, जणू कोणी उकळत्या पाण्यातून काढले असावेत. ती तशीच झऱ्यावर गेली.

अगापीने हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. "मुली, तूही?"

"मी काय?"

"आई लिहिते ते मी फक्त वाचतो. कुठे तरी मोडलाच असेल. नकळत मोडला असेल. नवी बरणी घे, आणि ह्या वेळी मनापासून पाळ."

स्तोयना नवी बरणी घेऊन परत निघाली. वाटेत ती थांबली. देवापुढे उभं राहून ज्या दोन-चार गोष्टी ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती, त्यातली ही एक होती: उपास मोडला नव्हता. एकतर आई पेटका खोटं लिहीत होती, किंवा हा माणूस खोटं वाचत होता. पहिली गोष्ट होणं शक्य नव्हतं. आणि माझ्या हातांवरचं वाचन खोटं असेल, तर पोरीच्या गालावरचं तरी खरं कशावरून?

घरी येऊन तिने कपाट उघडलं. चर्चमधल्या चित्रापुढे उरलेली मेणबत्त्यांची थोटकं दर रविवारी तीच गोळा करून पत्र्याच्या डब्यात ठेवायची, पुन्हा वितळवायला. डबा काठोकाठ भरलेला होता. मग अगापीच्या बरणीत कोणतं मेण होतं?

तिने नव्या बरणीतलं दोन चमचे मलम पातेल्यात पाणी घालून उकळलं, दुसऱ्या पातेल्यात थोटकांचा तुकडा, आणि दोन्ही खिडकीत गार व्हायला ठेवली. तासाभराने मेणाची पिवळी कडक चकती झाली होती, नखाने वाजवता येईल अशी. मलमाच्या पातेल्यात मात्र पाण्यावर पांढरट, बुळबुळीत साय तरंगत होती. तुळशीचा वास वाफेबरोबर केव्हाच उडून गेला होता.

अर्धं मेण म्हणे.

एवढ्याने ते काय नाही हे कळलं. काय आहे हे कळायचं राहिलं होतं. पाचव्या आठवड्यात स्तोयना बरणी, बहीण आणि दाफिनाला घेऊन तालुक्याच्या गावी कातडीच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर झान्कोवा बाईंनी चट्ट्याच्या कडेचा पापुद्रा काचेवर खरवडून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि विचारलं, "घरी एखादं जनावर आहे? अंगावर केस गेलेल्या जागा असलेलं?"

"वासरू," दाफिना म्हणाली. "त्याच्या डोळ्याभोवती पांढरी खपली आहे. मी तिथेच कुरवाळते."

"गजकर्ण. वासराकडून आलेलं." डॉक्टरांनी बरणी उघडून बोटाने चाचपली. "आणि ह्यात बहुतेक स्टिरॉइड आहे, चांगलंच कडक. तपासायला पाठवते."

"पण माझे हात तर तीन दिवसांत बरे झाले," स्तोयना म्हणाली.

"होणारच. लाली आणि खाज म्हणजे कुत्र्याचं भुंकणं समजा. हे औषध कुत्र्याचं तोंड बांधतं. तुमच्या इसबात घरात चोर नसतो, कुत्रा उगाच भुंकत असतो, म्हणून तिथे तोंड बांधणं बरोबर. हिच्या गालावर मात्र खरंच चोर होता, बुरशी. तुम्ही कुत्रा गप्प केलात आणि चोर सगळ्या घरात फिरला. वर चेहऱ्याची कातडी पातळ. हे बघा, बारीक शिरा दिसायला लागल्या. वेळेवर आणलीत, भरून येईल."

"आणि मलम संपल्यावर हात जास्त पेटले ते?"

"कडक औषध तीन-चार आठवडे रोज चोपडून एकदम बंद केलं की होतं तसं कधीकधी. त्याचा चीजशी काही संबंध नाही."

रुम्यानाने मुलीकडे पाहिलं नाही. तिने फक्त पोरीच्या टोपीखालून बाहेर आलेले केस नीट केले, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांनी दाफिनाला बुरशीचं औषध दिलं. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे, आणि वासराला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. मग त्यांनी स्तोयनाच्या हातात एक ट्यूब ठेवली.

"हे काय?"

"स्टिरॉइड. त्याच घराण्यातलं."

स्तोयनाने ट्यूब विस्तवासारखी टेबलावर ठेवली. डॉक्टर हसल्या.

"विष नाही हो ते. औषधच आहे. फरक एवढाच की ह्यावर नाव आणि ताकद छापली आहे. लाल जागेवर पातळ लावायचं, आठवडाभर दिवसातून एकदा, मग मी सांगेन तसं कमी करत आणायचं. चेहऱ्याला नाही, वर पट्टी गुंडाळायची नाही, शेजारणीला द्यायचं नाही. चीर चिघळली, पू दिसला की थांबून माझ्याकडे यायचं. आणि साधं ओलावा धरणारं मलम रोज, हात बरे असले तरी. मेण वितळवताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे."

बरणीत कडक स्टिरॉइड असल्याचा तपासणीचा कागद लाझारच्या शनिवारच्या आदल्या दिवशी आला, आणि त्याच्याबरोबर आरोग्य खात्याची दोन माणसंही झऱ्यावर आली. गर्दी होतीच. स्तोयना दोन्ही पातेली घेऊन बाकापाशी उभी होती.

"शंका घेणं म्हणजेसुद्धा उपास मोडणं," अगापी मोठ्याने म्हणाला.

"चित्रापुढचं मेण माझ्या डब्यात आहे, बंधू," स्तोयना म्हणाली. तिचं बोलणं ऐकायला लोकांना गप्प व्हावं लागलं. "सगळंच्या सगळं. तुमच्या बरणीत कुठून आलं?"

अगापीने दाढीवरून हात फिरवला. खात्याच्या माणसांनी खोलीचं कुलूप काढायला लावलं. आत स्टिरॉइडच्या रिकाम्या ट्यूबांचा ढीग, पेट्रोलियम जेलीचे मोठे डबे, आणि तुळशीच्या वासाच्या अत्तराची बाटली. ग्रोझ्दानने आत डोकावून पाहिलं.

"बरं झालं चमचाच सापडला," तो म्हणाला. "वाढणारी बाई तर कधी आलीच नव्हती."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. जांघेला मलम लावलेल्या बाळाची आई कडेवरच्या बाळाचं दुपटं सोडून पाहू लागली. अगापीला गाडीत बसवलं तेव्हाही काहीजण बाकावरच्या बरण्यांकडे आशेने पाहत होते. स्तोयनाने ते पाहिलं.

"त्या दिवशी मी साक्ष दिली," ती म्हणाली. "हात बरे झाले हे खरं होतं. का झाले, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तरी मी उभी राहिले. ती चूक माझी. देवाची प्रार्थना मी उद्याही करीन. पण आत काय आहे ते ज्या बरणीवर लिहिलेलं नाही, ती देवाच्या नावाने कोणी दिली तरी घरात आणू नका. एकाच औषधाने सगळ्यांचं सगळं बरं होतं असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा की कसं. ज्यांनी हे बरेच दिवस लावलंय त्यांनी लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आजार परत आला म्हणून आजाऱ्याला पापी म्हणू नका."

शनिवारी सकाळी तिने दिव्यात तेल घातलं, हाताला डॉक्टरांचं मलम पातळ लावलं, डोक्याला रुमाल बांधला. शेजारून दाफिनाचा आवाज येत होता, गाण्याची एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घोळवत होती. गालावरची कड विझत आली होती, तरी इतर मुलींना लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रुम्यानाने तिथे पट्टी लावली होती. मुली निघायला अजून तासभर होता.

गावात एक्केचाळीस घरं. स्तोयनाने फाटक ओढून घेतलं आणि गाणी शिकवणाऱ्या बाईचं दार पहिलं वाजवलं.