बिऱ्हाड की सामान

चैत्रातला उजेड त्या स्वयंपाकघरात घाईने येत नसे. आधी तो पूर्वेकडच्या खिडकीच्या वरच्या चौकटीवर येऊन थांबे, इतका फिकट, की तो उजेड आहे की चुन्याचाच रंग, हे काही वेळ कळत नसे. मग तो समोरच्या भिंतीवर उतरे. खिडकीला चार गज होते. त्यांच्या चार सावल्या भिंतीवर तिरप्या पडत आणि सूर्य शेजारच्या कडुनिंबाच्या वर येईपर्यंत बोटाबोटाने खाली सरकत. भिंतीवरून उजेड फळीवर येई, तिथल्या पितळी डब्यांच्या झाकणांवर एकेक करून टेकत पुढे जाई आणि साडेसातच्या सुमारास शहाबादी फरशीवर पोहोचे. तिथे पोहोचल्यावर त्याच्यात पाहण्यासारखे काही उरत नसे. तो मग नुसता दिवस होई. हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या त्या दोन खोल्यांत मी चार वर्षे रोज हे पाहिले. त्या सकाळी फळीवर डबे नव्हते. उजेड रिकाम्या फळीवर आला, कशावरच न टेकता खाली उतरला आणि बांधून ठेवलेल्या खोक्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा दारात कोणीतरी खाकरले.

"बिऱ्हाड हाय का सामान?" फुलसिंगने विचारले.

फुलसिंग राठोड गावाबाहेरच्या तांड्यावरचा. साठीकडे झुकलेला, पण पाठ ताठ. त्याची पिकअप जीपथांब्याजवळ उभी असे आणि गोरेगावात कोणाचे घर हलायचे झाले की लोक त्यालाच सांगत. फोनवर तो फक्त वार ठरवून घेई. घर आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कशालाही हात लावत नसे.

"दोन्हींत फरक काय?" मी विचारले.

"फरक हाय ना साहेब. सामान म्हंजे वजन बघायचं, भरायचं, दोर आवळायचा, चालू पडायचं. बिऱ्हाडाचं तसं न्हाई. बिऱ्हाडात शेगडी अन् भांडे शेवटी चढवायचे, म्हंजे पयले उतरतात. उतरल्याबराबर घरच्या बाईला दूध तापवता आलं पायजे. अन् बाईला म्होरं खिडकीची जागा. मंग ह्यो मागं बसतो."

'ह्यो' म्हणजे त्याचा धाकटा भाऊ धर्मसिंग. तो दोराची गुंडाळी खांद्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता.

"मागंच बरंय," धर्मसिंग म्हणाला. "म्होरं ह्याच्या बिडीचा धूर खाऊन राहिलो वीस वर्षं."

"बिऱ्हाड," मी म्हटले.

फुलसिंगने स्वयंपाकघर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "बाईसाब?"

"माहेरी आहे. जवळा बाजारला. वाटेत घ्यायची आहे."

"कुरुंद्याला जायाला जवळा कुठं आलं वाटेत?" धर्मसिंग म्हणाला.

"वाट वाकडी करू," फुलसिंग त्याला म्हणाला. "बिऱ्हाड म्हणले ना ते."

मी एका संस्थेच्या शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. कुरुंद्याच्या शाळेत बदली मी मागून घेतली. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला. घरापासून लांब जाण्यासाठी कोणी अर्ज करत नाही. कुरुंद्याहून जवळा बाजार जवळ पडते, एवढेच त्यामागचे कारण होते आणि ते अर्जात लिहिण्यासारखे नव्हते. शिवकन्या, माझी पत्नी, सोळा महिन्यांपूर्वी माहेरी गेली ती अजून आली नव्हती. आमचे भांडण झाले नाही. भांडायला दोन माणसांचे आवाज लागतात. चार चार दिवस या घरात माझाच आवाज मला ऐकू येतो, असे ती जायच्या आधी एकदा म्हणाली होती. तेव्हा मी खिडकीकडे पाहत होतो. बदलीचा आणि आजच्या प्रवासाचा निरोप मी तिला पाठवला होता. तो तिने वाचला होता. उत्तर आले नव्हते; पण उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे, असे मी धरून चाललो होतो. शिवाय तिची शिलाई मशीन माझ्याकडेच होती. जिला परत यायचे नसते ती बाई आपली मशीन मागे ठेवत नाही. ती मशीन मी दर महिन्याला पुसत असे आणि तिला तेल घालत असे.

मशीनच सगळ्यांत आधी गाडीत चढली. तिचा लोखंडी सांगाडा फुलसिंगने केबिनच्या पत्र्याला टेकवून उभा केला आणि गोधडीने गुंडाळला. "जड वस्तू म्होरं," तो म्हणाला. मग कपाट, पलंगाच्या फळ्या, माझ्या पुस्तकांची दोन पोती. दोघे भाऊ एकमेकांशी त्यांच्या गोरमाटीत बोलत आणि माझ्याशी बोलताना मराठीवर येत. शेगडी, भांड्यांचे पोते, पोळपाट आणि दुधाचे पातेले शेवटी चढले. पातेल्यात हात घालून फुलसिंगने ते कोरडे असल्याची खात्री करून घेतली.

घरमालकीण मनकर्णाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"सोळा महिने झाले, बाईचं तोंड दिसलं न्हाई इथं," त्या म्हणाल्या. "आता नव्या घरी नांदायला येऊन राहिली म्हणा."

"हो," मी म्हटले.

"तोंडानं म्हणली का ती, येते म्हणून?"

मी चावी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, लसणाची साले पदरातून झटकली आणि आवाज खाली आणला. "जा बाबा. नीट जा. बोलत जा जरा तिच्याशी."

गाडीत फुलसिंगने मला मध्ये, गिअरच्या दांडीला खेटून बसवले. खिडकीची जागा मोकळी ठेवली. "बायांना गाडी लागती," तो म्हणाला. "खिडकी पायजे." सेनगाव गेले, हिंगोली गेली. माझ्या डाव्या बाजूला ती मोकळी जागा होती आणि उघड्या खिडकीतून येणारे ऊन तिच्यावर बसले होते. मागे, पलंगाच्या फळ्यांवर, धर्मसिंग डोक्याला पंचा गुंडाळून उन्हात बसला होता. वळणावर गाडी कलली की तो पत्र्यावर थाप मारी.

"आमचे आजे बैलांवर मीठ वाहायचे," फुलसिंग मध्येच म्हणाला. "बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं बराबर वजन लागतं. एकीकडं जड झालं तर बैल वरडत न्हाई. नुसता पाय टाकायचं बदलतो. ते वळखावं लागतं."

"मग काय करायचे?"

"थांबायचं. उतरवायचं. पुन्हा भरायचं." त्याने गिअर बदलला. "तुमी लई कमी बोलता साहेब. बाईसाब बोलत असतील."

"हो," मी म्हटले. "ती बोलते."

औंढ्यानंतर मी मनात वाक्ये जुळवू लागलो. पहिले वाक्य होते, चल. ते फार आखूड वाटले. दुसऱ्यात मी चुकलो असे होते, पण नेमके कुठे, हे सांगायला तिसरे वाक्य लागत होते आणि ते जुळत नव्हते. जवळा बाजारच्या पाट्या दिसू लागल्या, तेव्हा माझ्याकडे एकूण दीड वाक्य होते.

जवळ्याचा आठवडी बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना मिरचीचे, कांद्याचे ढीग होते, दोरखंडांची, विळ्यांची, प्लॅस्टिकच्या घागरींची दुकाने मांडलेली होती. सासऱ्यांचे घर त्याच रस्त्याच्या टोकाला. फुलसिंगने गाडी दारासमोर आडवी लावली आणि खिडकीकडचे दार माझ्यासाठी उघडले. मी उतरल्यावर त्याने ते लावले नाही. उघडेच राहू दिले.

शिवकन्या बाहेर आली. गळ्यात शिलाईची टेप होती. ती थोडी वाळली होती, की माझ्या आठवणीत ती भरलेली होती, हे मला ठरवता आले नाही.

"आत या," ती म्हणाली. "चहा ठेवते. त्यांनाही बोलवा."

"कुरुंद्याला दोन खोल्या घेतल्या आहेत," मी म्हटले. "पाण्याची सोय चांगली आहे. नळ घरातच आहे. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे."

"बरं झालं. तुमाला सकाळचा उजेड लागतो."

मी गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिले. तिनेही पाहिले. आत कुठेतरी तिच्या आई शकुंतलाबाई भांडे घासत होत्या, तो आवाज थांबला.

"गाडीत जागा आहे," मी म्हटले.

टेप गळ्यातून काढून तिने बोटांभोवती गुंडाळली.

"मी इथं बाया-पोरींचं शिवून राहिले," ती म्हणाली. "शेजारच्या राणीच्या मशीनवर. तिचं काम झालं की दुपारी दोन तास देती. बाकी हातानं. माझी मशीन आणली असंल तर तेवढी उतरवून द्या."

"तू कधी मागितली नाहीस."

"मागितली होती की." तिने मान वर केली. "बरं म्हणले होते तुमी."

फुलसिंग गाडीच्या चाकाजवळ उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. मशीन काढायची आहे, एवढे वाक्य मला बोलता आले.

"ती पार म्होरं हाय साहेब," तो म्हणाला. "सगळं उतरवावं लागंल." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने दोराची गाठ सोडली.

मग आमचे चार वर्षांचे घर बाजारच्या रस्त्यावर उतरले. आधी दुधाचे पातेले, मग शेगडी, पोळपाट, भांड्यांचे पोते. पोत्याचे तोंड सुटले आणि झारे, उलथणी, परात मातीत आली. पलंगाच्या फळ्या भिंतीला लागल्या. कपाट मिरचीच्या ढिगाशेजारी उभे राहिले. बाजाराची माणसे चालता चालता थांबू लागली. एका गृहस्थाने कपाटाचे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"मामा, बाहेरून कळत नसंल तर आत बसून बघा," धर्मसिंग म्हणाला.

"केवढ्याला देऊन राहिले?" गृहस्थाने गंभीरपणे विचारले.

एक म्हातारी खाली वाकली. तिने झारा उचलला, नखाने वाजवून पाहिला आणि शिवकन्येपुढे धरला. "ह्यो कसा दिला गं बाई?"

मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवे होते. माझे ओठ हललेही असतील. शिवकन्येने म्हातारीच्या हातातून झारा घेतला, पदराने पुसला आणि परातीत ठेवला.

"इकायचं न्हाई मावशी," ती म्हणाली. "ह्यांचं बिऱ्हाड हाय. कुरुंद्याला चाललं."

ह्यांचं, ती म्हणाली. म्हातारी पुढच्या दुकानाकडे गेली. फुलसिंगचे हात क्षणभर दोरावर थांबले.

मशीन दोघा भावांनी ओसरीवर नेऊन ठेवली. शिवकन्येने गोधडी काढली, चाक एकदा फिरवले. सुई वरखाली झाली. आवाज आला नाही.

"तेल टाकत होते?"

"दर महिन्याला."

"काहून न्हाई सांगितलं?"

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, रागाने नव्हे; परीक्षेचा निकाल आधीच माहीत असलेले माणूस पाहते तसे. "सोळा महिने तेल टाकलं," ती हळू म्हणाली. "तेवढ्यात एक शब्द बोलले असते तर…" ते वाक्य तिने पूर्ण केले नाही. तिला वाक्य अर्धे सोडताना मी पहिल्यांदा पाहिले. मग तिने गोधडीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ही राहू द्या. पहाटे अजून गार असतं तिकडं."

चहा आला. फुलसिंग आणि धर्मसिंग उभ्यानेच प्याले. मी बशी हातात धरून बसलो. आतून शकुंतलाबाईंनी एवढेच विचारले, "जावईबापू, जेवून जाता का?" मी नाही म्हटले, कारण तेवढे मला नेहमी म्हणता येते.

बाहेर आलो तेव्हा दोघे भाऊ पुन्हा गाडी भरत होते. मला कोणी काही विचारले नाही. फुलसिंगने शेगडी उचलली आणि थेट आत, केबिनच्या पत्र्याशी, मशीन होती त्या जागी ठेवली. तिच्यावर भांड्यांचे पोते आले, पोत्यावर पुस्तके, पुस्तकांपुढे कपाट. दुधाचे पातेले त्याने कुठल्याशा फटीत उपडे कोंबले. वजन बघून भरायचे, दोर आवळायचा, चालू पडायचे. शेवटी त्याने गाडीचे उघडे दार धरून धर्मसिंगला गोरमाटीत काहीतरी म्हटले. धर्मसिंगने पंचा सोडला, तोंड पुसले आणि मी मध्ये बसल्यावर तो माझ्या डाव्या बाजूला, खिडकीशी येऊन बसला.

शिवकन्या दारात उभी होती. गाडी वळली तेव्हा तिने मान हलवली. मीही हलवली.

बाजार मागे पडला. कुरुंद्याच्या बाजूचे शिवार सुरू झाले. खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा ओला, मातकट वास गाडीत भरला. धर्मसिंगला गप्प बसवेना.

"साहेब," तो म्हणाला, "एक इचारू? तुमाला अंदाज न्हवता का?"

"गप रे," फुलसिंग म्हणाला.

"विचारू द्या," मी म्हटले.

मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो. अंदाज नव्हता, हे उत्तर तयार होते. ती येईल, असेच मी गेले कित्येक महिने सगळ्यांना सांगत आलो होतो. मुख्याध्यापकांना, मनकर्णाबाईंना, रोज सकाळी स्वतःला.

"माहीत होतं," मी म्हटले.

दिवाळीच्या पाडव्याला शिवकन्येचा फोन आला होता. माझी मशीन पाठवून द्या, ती म्हणाली होती. आणि मी आता परत येणार नाही, असेही म्हणाली होती. दोन्ही वाक्ये मला स्पष्ट ऐकू आली होती, आणि मी बरं म्हटले होते.