रिकामी परत आलेली पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. गोंदियात, रेल्वे स्टेशनापलीकडच्या एका घराच्या माळ्यावर, मोडकी शेगडी आणि फुटका आरसा यांच्या मधल्या जागेत मी राहते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पेटीने सामान सांभाळावे, बोलू नये. पण एकदा मला बोलता आले असते तर फार बरे झाले असते, असे अजून वाटते. म्हणून आज धीर करते.

चुन्नीलाल नावाच्या कारागिराने मला गोंदियाच्या बाजारात घडवले. त्याने रॉकेलचे रिकामे डबे कापले, ठोकून सपाट केले आणि त्यांना बिजागऱ्या लावल्या; असा माझा जन्म झाला. बाहेरून त्याने मला हिरवा रंग दिला. आतल्या बाजूला रंग पुरला नाही. त्यामुळे डब्यावर छापलेला हत्ती माझ्या तळाशी तसाच राहिला, तोही अर्धा. सोंड, डोळा आणि पुढचे दोन पाय. उरलेला हत्ती बहुधा दुसऱ्या एखाद्या पेटीत गेला असेल. ती पेटी कुठे असेल, असे मी पुष्कळदा मनात म्हणते.

केशोराव मास्तरांनी मला विकत घेतले. मास्तर हायस्कुलात शिकवत. त्यांना आणि देवकाबाईंना मूलबाळ नव्हते. हायस्कुलात चिचगड, केशोरी, सौंदड अशा गावांहून मुले येत. कोणाचे आईबाप जंगलात मोहाची फुले आणि झाडांवरची लाख गोळा करत, कोणाचे दुसऱ्याच्या शेतात धानाची रोवणी करत. अशी मुले पोटाला चिमटा घेऊन मॅट्रिक होत आणि मग दारात उभ्या केलेल्या बैलासारखी तिथेच थांबत. पुढे कोणत्या वाटेला जायचे, हे त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नसे. मास्तर मोठे भिडस्त. चार माणसांत बोलायचे झाले तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. पण या मुलांसाठी ते ओळखीच्या लोकांना लिहीत, नागपुरात राहण्याजेवण्याची सोय लावत, आणि सामान न्यायला मला देत. मुलाचे बस्तान बसले की त्याने मला गार्डाच्या डब्यातून परत पाठवायचे, पुढच्या मुलासाठी.

पहिला गेला दुलीचंद. माझ्यात लाडू आणि चिवडा भरताना देवकाबाई त्याला म्हणाल्या, "आयक बाबू, शेजारच्या घरचं भांडं आपण रिकामं देत नाही ना? तशीच हे पेटी. काही ना काही टाकूनच पाठवजो."

दुलीचंदाने साबणाची नवी वडी घालून मला पाठवले. त्याच्या मागून गेलेल्याने कुलूप पाठवले, कारण नागपुरात कुलपावाचून भागत नाही, हे त्याला तिथे गेल्यावर कळले होते. कोणी मोजे पाठवले, कोणी संत्री. जो तो पुढच्याच्या उपयोगाची वस्तू घाली. मला त्याचा अभिमान होता.

आणखी एक गोष्ट होई. मी घरी आले की अर्ध्या दिवसात माझ्याकडे मुंग्यांची रांग लागे. देवकाबाईंच्या लाडवांचा चुरा माझ्या कोपऱ्यांत अडकलेला असे ना! देवकाबाई हसून म्हणत, "आल्या माह्या पाहुण्या." आणि मुंग्यांचे जेवण होईपर्यंत मला पुसत नसत. मित्रांनो, पेटीला भेटायला दुसरे कोण येणार? मला त्या मुंग्या आवडत.

पुढे ग्यानीराम आला. चिचगडचा, बुजरा, सडपातळ. त्याला रेल्वेत तारबाबू व्हायचे होते. नागपुरात तार शिकवणारा एक वर्ग होता. तिथे त्याचे नाव घातले गेले. एका घरी मुलांना शिकवायचे आणि त्याबदली दोन वेळ जेवायचे, त्याच घराच्या जिन्याखाली झोपायचे, असे मास्तरांनी पत्राने ठरवून दिले. गाडी सुटताना मास्तर म्हणाले, "आता काळजी नाही." आणि खरेच, त्यांनी काळजी सोडली.

दुसऱ्याच महिन्यात ते कुटुंब बदली होऊन जबलपूरला गेले. नव्या भाडेकऱ्याने ग्यानीरामला जिन्याखाली राहू दिले, पण जेवणाचे नाव काढले नाही. ग्यानीराम वर्गाला जात राहिला. संध्याकाळी आला की बोटाच्या पेराने माझ्या झाकणावर तारेचा सराव करी. कट्ट, कडकट्ट, कट्ट. कधी झाकण उघडून हत्तीकडे बघत बसे. त्या शहरात त्याच्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

"तुले बरं हाये गा," एकदा तो हत्तीला म्हणाला. "तुले पोटच नाही."

आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसला. मग त्याने बोट ओले करून माझ्या चारही कोपऱ्यांतून फिरवले आणि ते चाखले.

त्याने मास्तरांना कळवले का नाही, असे तुम्ही विचाराल. तीनदा त्याने लिहायला घेतले आणि तीनदा फाडले. मला पाठवायची वेळही टळत गेली. माझ्यात घालायला त्याच्याकडे काही नव्हते. शेवटी गोंदियाहून निरोप आला की शामकलेला नर्सचे काम शिकायला नागपूरला जायचे आहे, पेटी हवी आहे. शामकला केशोरीच्या एका विधवेची मुलगी, मास्तरांच्या घरी राहून मॅट्रिक झालेली. तेव्हा ग्यानीरामने आपले कपडे धोतरात गुंडाळले, मला स्टेशनावर नेले आणि गार्डाच्या हाती दिले. माझ्या झाकणावर त्याने काही वेळ हात ठेवला होता. तो हात तापाने कढत होता.

गोंदियाला गार्ड मुन्नालालने मला खाली उतरवले. "मास्टरजी, इस बार पेटी बड़ी हल्की है," तो म्हणाला.

घरी झाकण उघडले तेव्हा शेजारचे हिरालाल मुनीम तिथेच बसले होते. ते वाकून बघून म्हणाले, "अरे वा! शुद्ध हवा पाठवली नागपूरची. पाहा मास्तर, पोट्ट्याले पंख फुटले. आता तुमाले कोण विचारते?"

"घाईत राहिलं असंल," देवकाबाई म्हणाल्या.

"घाईत माणूस चिठ्ठी विसरते, रीत विसरत नाही. आता हे पोरगी जाईल, तेही विसरंल. कायले पाठवता? तिच्या मायले सांगा, लग्न करून टाक म्हणा."

मास्तर पुढे झाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी माझे झाकण लावले आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. संध्याकाळी ते देवकाबाईंना म्हणाले, "पुरे झालं आता. मले वाटते, मी लोकांच्या लेकरांच्या मधात उगीच पडतो. शामकलेले तिच्या गावी पोहोचवून देतो."

शामकला दाराआड उभी होती. तिने ते ऐकले.

मित्रांनो, तेव्हाचे माझे हाल काय सांगू! सगळे माझ्या पोटात होते आणि मला तोंड नव्हते. जिन्याखालचा अंधार, तो कढत हात, तो हत्ती, सारे मीच पाहिले होते. मी घरच्याच भिंतीशी होते, तरी इतकी एकटी मी कधी नव्हते.

असे काही दिवस गेले. शामकलेने आपल्या साड्यांचे गाठोडे बांधले. केशोरीला जायच्या सकाळी देवकाबाई केर काढत माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"अवो, जरा इकडं या बरं."

"काय झालं?"

"यंदा मुंग्या नाही आल्या."

मास्तर पुस्तकातून डोके न काढता म्हणाले, "मंग चांगलं झालं ना."

"चांगलं काऊन? दरसाल येतेत. लाडू तर यंदा मी जास्तच देले होते."

मास्तर उठले. त्यांनी मला उजेडात ओढले, झाकण उघडले आणि एका कोपऱ्यातून बोट फिरवले. मग दुसऱ्या. बोटाला काही लागले नाही. चारही कोपरे धुतल्यासारखे होते. त्यांनी ते स्वच्छ बोट डोळ्यांसमोर धरले.

"देवका," ते म्हणाले. "रिकामी पाठवली नाही त्यानं. त्याच्यापाशी जे होतं, तेवढंच पाठवलं."

शामकला गाठोडे घेऊन पुढे आली. तिने ते सोडले आणि साड्या एकेक करून माझ्यात ठेवू लागली. "मास्तर, दुपारची गाडी हाये नागपूरची," ती म्हणाली. "तुमी चालता का मी एकटी जाऊ?"

अनोळखी दारी जायला घाबरणारे मास्तर त्या दुपारी गाडीत बसले.

ग्यानीराम जिन्याखाली पडलेला सापडला. आम्हाला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

"काऊन लिहिलं नाही गा?" मास्तर म्हणाले.

"का लिहू, मास्तर? दुलीचंदनं साबण पाठवला, कोणी कुलूप पाठवलं. मले वाटे, काहीतरी जमंल, मंग पाठवीन. जमलंच नाही. शामकलेचं अडून राहिलं म्हणून तशीच देली. तुमी रागावले असान."

मास्तर त्याच्या अंथरुणाशी जमिनीवर बसले. "हो, रागावलो होतो," एवढेच ते म्हणाले.

शामकलेने तोवर लाडवांचा डबा उघडला होता.

ग्यानीराम बरा झाला. त्याच्या जेवणाची दुसरीकडे सोय लागली, आणि पुढे तो सौंदडच्या स्टेशनावर तारबाबू झाला. शामकलेने मला परत पाठवले तेव्हा माझ्यात काय होते ते मी सांगणार नाही, कारण त्या घरात त्यानंतर ते कोणी बघतच नसे. ज्याला मी दिली जाई, त्याला देवकाबाई सांगत, "रिकामी आली तरी चालंल, बाबू." आणि महिनाभराने मास्तर स्वतः त्याच्या दारी जाऊन येत. लाल कानांनी, लाजत, पण जात.

लढाईच्या दिवसांत साखर मिळेनाशी झाली होती. तेव्हा सौंदडहून ग्यानीराम एक पुडी घेऊन आला आणि देवकाबाईंसमोर त्याने ती माझ्या चारही कोपऱ्यांत ओतली.

"अरे, साखर कायले सांडवून राहिला?"

"तुमच्या पाहुण्यांसाठी, बाई."

पुढल्या वर्षी मास्तर गेले. त्यांच्या मागे देवकाबाईही फार दिवस राहिल्या नाहीत. घर दुसऱ्यांचे झाले आणि मी माळ्यावर आले. परवा स्वातंत्र्य मिळाले तेव्हा खालून पुष्कळ आवाज आला. कोणीतरी झेंड्यासाठी काठी शोधायला वर चढले, मला बाजूला सारले आणि काठी घेऊन उतरले. माझी तक्रार नाही. माझा पत्रा गंजला आहे, एक बिजागरी गेली आहे.

पण मित्रांनो, गोंदियाच्या गाडीत अजूनही मुले बसत असतील. हातात मॅट्रिकचा कागद, पुढे मोठे शहर, ओळखीचे कोणी नाही. त्यांना पेटी द्या, लाडू द्या, आणि गाडी सुटली म्हणून निश्चिंत होऊ नका. एखाद्याकडून काहीच आले नाही तर रागावण्याआधी कोपऱ्यातून एकदा बोट फिरवून बघा.

माझ्या कोपऱ्यांत आता काही नाही. तरीही मधूनच एखादी मुंगी वाट चुकून वर येते, हत्तीच्या सोंडेवरून फिरते, आणि काही नाही असे बघून परत जाते. ती आली की मला बरे वाटते.