मल्लव्वातला ल

वॉशिंग मशीननं पिं-पिं-पिं केलं आणि दुपारची शांतता मोडली. 'पिन्चा' हा इटालियन शब्द तोंडातच धरून मी अनूकडं बघितलं. चार वर्षांची माझी लेक कूस बदलून परत झोपली. अजून अर्धा तास तरी माझा होता.

लग्नाआधी मी कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ऑर्डरी लिहायचे. तिथं परत जायचा योग आला होता. मालक उदयसिंह फोनवर म्हणाले, "ताई, नवे माग इटलीचे हायत. पार्ट तिथनंच फोनवर मागवायचे, आणि तिथल्या गोदामातल्या माणसांना इंग्रजी येत न्हाय. गुरुवारी चारला तिथल्या बाई तुमच्याकडनं वीस पार्टची नावं म्हणवून घेतील. जमलं तर सोमवारपासून या. न्हाय जमलं तर दुसरं कोण बघतो."

मला जायचंच होतं. अनूचा कंटाळा आला म्हणून नव्हे. झोपल्यावर तिच्या मानेला घामाचा जो गोडसर वास येतो, त्यासाठी मी अजून दहा कामं अर्धवट टाकते. पण मागांच्या त्या खडखडाटात कुणीतरी 'प्रेरणा' म्हणून हाक मारायचं, ते परत हवं होतं.

व्यंजनं वाटली तेवढी परकी नव्हती. पट्ट्याला 'चिंगिआ', त्यातला च चिमणीतला. सूत धरणाऱ्या चिमट्याला 'पिन्चा', तो च मात्र चमच्यातला. इटालियनांनी त्यांना दोन वेगळी अक्षरं दिलीत, आपण एकाच्याच पोटात दोन्ही घातलेत. वहीत चिमणी आणि चमचा असे दोन रकाने करून मी खूश झाले.

अडलं ते जोडाक्षराशी. 'मोल्ला' म्हणजे स्प्रिंग आणि 'मोला' म्हणजे धार लावायचा दगड. माझ्या तोंडून दर वेळी दगडच यायचा. एरवी गल्ली म्हणते, किल्ली म्हणते, काही अडत नाही. पण इटालियन म्हटलं की परीक्षेत बसल्यासारखी जीभ पळत सुटायची. आज बुधवार होता.

"काय गं मोला मोला करत्यास?" मशीनमधले कपडे बादलीत काढता काढता सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्या म्हणते. माहेर त्यांचं निपाणीकडचं, कानडी. माझं कोडोलीचं, कानडीचा गंध नाही.

मी दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले.

"म्हंजे मागवायची स्प्रिंग आणि ट्रकभर दगुड ईल?" आत्या हसल्या. "माझं नाव म्हण बघू."

सासूचं नाव कसं घ्यायचं? पण त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच. "मालव्वा," मी हळूच म्हणाले.

"माळवं! बघ, तूबी मला भाजीच केलीस. गॅसवाला तेच, पोस्टमन तेच. सहा वर्सं झाली लग्नाला, अजून मंडईतच हाईस व्हय?"

मला हसू आवरेना. अनू उठेल म्हणून पदर तोंडात कोंबला.

"घाई कशापायी? म आखूड ठेव. मल्... जीभ टेकलीस न्हवं? तितंच ऱ्हा. कुणी मागं लागलंय का? आता सोड."

"मल्लव्वा."

"हां! आणि पोरीला 'आजी म्हण' म्हणून शिकवत्यास, ते आमच्या कानडीत अज्जी हाय. ज वर टेक जरा. दमलेली म्हातारी हाय की मी."

अनू उठेपर्यंत आम्ही दोघी कपडे वाळत घालत तेच म्हणत राहिलो. टॉवेल झटकताना मल्लव्वा, चिमटा लावताना मोल्ला. शेजारच्या क्रांतीवहिनी गॅलरीतून डोकावल्या. "काय ओ, कसला मंत्र हाय?"

"नोकरीचा," आत्या म्हणाल्या.

गुरुवारी अनूला घेऊन आत्या पलीकडच्या खोलीत बसल्या. फोनवरच्या इटलीतल्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या, भराभर विचारत गेल्या. चिंगिआ झालं, पिन्चा झालं. चौदाव्या नंबरला स्प्रिंग आली. मी म आखूड ठेवला, जीभ टेकवली आणि तिथंच राहिले. कुणी मागं लागलं नव्हतं.

"मोल्ला."

"ब्रावा!" त्या म्हणाल्या.

पाच वाजता उदयसिंहांचा मेसेज आला: सोमवारी दहाला या. मी आत्यांच्या पाया पडले, त्यांनी वर ओढून माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. अनू आमच्या दोघींच्या मधे शिरली. काय झालं, म्हणून तिनं दोनदा विचारलं, तेव्हा मी तिला उचलून सांगितलं, की अज्जीनं आईला एक अवघड अक्षर शिकवलं, म्हणून आई आता ऑफिसला जाणार आणि तू अज्जीजवळ राहणार.

तिनं जरा विचार केला. माझ्याकडं बघितलं, मग ओल्या हातांनी पीठ मळायला वळलेल्या अज्जीकडं.

"मग अज्जी का न्हाय जात ऑफिसला?"