आल्गोतची हिरवी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. हिरव्या लोकरीची, काठाला छऱ्याचं एक भोक असलेली. जन्माने उत्तरेकडच्या थंड स्मोलांड प्रांतातली, स्वभावाने संशयी. हा स्वभाव मला कामामुळे जडला.

माझा मालक आल्गोत शिकारी होता. आमच्याकडे वसंतात सूर्य मावळला की मूरकुल्ला नावाचा लांब चोचीचा तपकिरी पक्षी मादीच्या शोधात झाडांच्या शेंड्यांवरून फेऱ्या मारतो. आधी बेडकासारखा घुरघुरतो, मग बारीक शीळ घालतो. तो आला की आल्गोत मला एका हाताने वर भिरकावायचा. बिचाऱ्याला वाटायचं, खालून मादीच उडाली. तो वळून खाली यायचा. आल्गोतच्या दुसऱ्या हातात बंदूक असायची. मी चिखलात पडायचे, आणि माझ्या पाठोपाठ तो पक्षी. "अशी टोपी अख्ख्या गावात नाही," असं आल्गोत सांगायचा आणि मी फुगायचे. पण तेव्हापासून मला कोणी उचललं की मी आधी त्याचा दुसरा हात पाहते.

आल्गोत वारला. मी खिळ्यावर धूळ खात राहिले, कसरीने मला जागोजागी कुरतडलं. त्याची बायको सिग्ब्रित माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. आणि या वसंतात एका संध्याकाळी तिने मला झटकलं नि थेट डोक्यावर घातलं. मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

ती निघाली होती टूवाबरोबर. टूवा दर वसंतात गावकऱ्यांना रानाकडच्या मोकळ्या जागेत नेते आणि मूरकुल्ल्याच्या प्रेमाच्या फेऱ्या दाखवते. मला पाहताच तिच्या कपाळावर आठी पडली. मागच्याच आठवड्यात तिला तिथे रिकामी काडतुसं सापडली होती.

"सिग्ब्रितआजी, ही आल्गोतआजोबांची ना?"

"मग काय शेजाऱ्याची घालून येऊ?"

"आणि पिशवीत हे लांबट काय आहे?"

"थर्मास. त्याने फार तर तुझी जीभ भाजेल."

सगळे हसले, टूवा हसली नाही. वाटभर तिने सिग्ब्रितला आपल्या शेजारी ठेवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यामुळे मी तिला नावं ठेवत नाही. भरवसा मलाही नव्हता.

आभाळ तांबूस झालं आणि घुरघुर ऐकू आली. सगळ्यांनी माना वर केल्या, सिग्ब्रितनेही केली.

"गेला का?" तिने विचारलं.

"अहो, तुमच्या डोक्यावरून तर गेला."

दुसऱ्या फेरीलाही तेच झालं. मग सिग्ब्रितने मला डोक्यावरून काढलं. टूवाने झटकन तिचं मनगट धरलं.

"आजी, ते नाही चालायचं. माझ्याबरोबर आलात तर पक्ष्याला फसवायचं नाही."

"अगं, मला दिसत नाही," सिग्ब्रित म्हणाली. "आयुष्यभर चुलीपुढे बसून याची पिसं उपटली मी. जिवंत एकदाही पाहिला नाही. आल्गोत म्हणायचा, बायका बडबडतात, पक्षी बिचकतो. आता डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वसंतात उजेड-अंधार तेवढा कळेल. हा जरा खाली आला तर दिसेल, म्हणून आणली टोपी."

शेंड्यांमागून पुन्हा घुरघुर आली.

"द्या इकडे," टूवा म्हणाली. "तुमचा खांदा दुखेल. आणि एकदाच हं."

तिने मला भिरकावलं. वर जाताना सवयीने मी तिचा दुसरा हात पाहिला. त्या हातात सिग्ब्रितचा हात होता.

मूरकुल्ला वळला आणि अगदी खाली, सिग्ब्रितच्या समोरून गेला. मी बंदुकीच्या बाराची वाट बघत चिखलात पडले. बार झालाच नाही. वर घुरघुर चालूच होती.

"चोच खाली करून उडतो होय!" सिग्ब्रित म्हणाली. "आणि डोळे केवढे गं! माझ्याकडे यायचा तेव्हा मिटलेले असायचे."

टूवाने मला उचलून पुसलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. जपा की, कसर फार वाईट. पण माझी विनंती वेगळी आहे. मला उचलाल तेव्हा दुसरा हात रिकामा ठेवा. नाहीतर त्यात कोणाचा तरी हात असू द्या.